कार्डावरचा आकडा

जनुकीय साथरोगशास्त्राच्या पहिल्या तासाला धायगुडे सरांनी दरवर्षीप्रमाणे रंगांधळेपणा तपासायचं रंगीत ठिपक्यांचं कार्ड टांगलं. "यातला आकडा ज्यांना दिसत नाही, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. गेल्या वर्षी निदान एक तरी होता.

पूर्वी दर वर्गात दोन-तीन मुलगे निघायचेच. सरांना स्वतःलाही तो आकडा कधी दिसला नव्हता. तास संपला की ते त्या मुलांना कॅन्टीनमध्ये न्यायचे. पिकलेला टोमॅटो कसा ओळखता, शर्ट कोण निवडून देतं, यावर चहा गार होईपर्यंत गप्पा चालायच्या. समोरची मुलं मात्र दुरुस्तीनंतरची होती; आईच्या पोटातच त्यांची जनुकं नीट करून घेतलेली.

"सर, शून्य धरून प्रमाण काढायचं का?" पहिल्या बाकावरच्या वेदश्रीनं विचारलं.

सरांचा हात आपसूक वर गेला. "एक धरा."

"पण शिकवणारा नमुन्यात धरायचा नाही, असं तुम्हीच मघाशी सांगितलंत."

"बरोबर आहे," म्हणत त्यांनी हात खाली घेतला, पेटीतला हाताला लागेल तो खडू उचलला आणि हिरव्या फळ्यावर मोठं शून्य काढलं. खडू लाल होता. सगळ्या वर्गानं ते वहीत उतरवून घेतलं. सरांना फळा कोराच दिसत होता.