रिकामटेकडं गिऱ्हाईक

जाहिरातीवर क्लिक ढीगभर, पण उशी विकत घेणारं कोणी नाही. ताई वारल्यापासून तिचा उशांचा धंदा धाकटा भाऊ कसाबसा रेटत होता. शेवटी त्याने एका जाणकाराला गाठलं. जाहिरातीतून उघडणारं पान बघून तो म्हणाला, "आधी हा व्हिडिओ काढा. बाई उशी मांडीवर घेऊन निवांत गप्पा मारत बसल्यात. लोकांना एवढा वेळ कुठंय? वर किंमत टाका, खाली 'विकत घ्या'चं बटण."

"ताई आहे ती माझी," भाऊ पुटपुटला.

"असेल हो, पण बघतंय कोण? एकच रिकामटेकडं गिऱ्हाईक! रोज जाहिरातीवरून येतं, व्हिडिओ शेवटपर्यंत बघतं आणि काही न घेता निघून जातं."

भावाने मनावर दगड ठेवून व्हिडिओ काढला. आठवड्याभरात उशा हातोहात खपू लागल्या. ही बातमी सांगायला तो आईच्या खोलीत गेला, तर ती मोबाइलवर पुन्हा पुन्हा बोट दाबत बसलेली.

"काय बिघडलंय रे याचं? जाहिरात दाबली की आता नुसती किंमत येते. ताई येतच नाही."