हेल्मेटमधले देवस्थळी

“घुसू नकोस टायरेल, लाथ मारून चेंडू लांब घालव!” अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाच्या कडेवरून प्रशिक्षक देवस्थळी जीव तोडून ओरडले. चेंडू पुढे नेण्याचा संघाचा हा चौथा, शेवटचा प्रयत्न होता आणि टायरेलच्या डोक्याला मागच्याच सामन्यात मार बसला होता. पण प्रेक्षकांच्या गदारोळात त्यांची हाक विरून गेली.

टायरेलच्या हेल्मेटमध्येही देवस्थळीच बोलत होते. पण ते तिशीतले, धडक मारून सामने जिंकणारे. त्यांच्या जुन्या सामन्यांवरून संघमालकांनी त्यांच्याच आवाजात बोलणारा तो यांत्रिक प्रशिक्षक घडवला होता. म्हातारे देवस्थळी फार जपून खेळवतात, म्हणून त्यांना आता सरावापुरतंच ठेवलं होतं.

ते धावत हेल्मेटमधला आवाज सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाकडे गेले. “हात जोडतो, बंद कर तो आवाज!”

“सर, तो अधिकार मला नाही.”

तेवढ्यात टायरेल चेंडू घेऊन घुसला आणि समोरच्या संघातले तिघे जण त्याच्यावर कोसळले.

देवस्थळी पोचले तेव्हा तो उताणा पडला होता. त्याची नजर कुठेच ठरत नव्हती.

“सर, मला भीती वाटत होती,” तो पुटपुटला. “पण तुम्ही जा म्हणालात, म्हणून गेलो.”

“हो रे, मीच म्हणालो,” देवस्थळी म्हणाले. दुसरं काही सांगायला त्यांची जीभ रेटेना.