पहिल्या पानावरच्या बाई

"माणूस वर्षाचं काम एकदम कधी उरकतो, ताई?" छापखान्यातल्या काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं. "जरा चौकशी करा बाईंची."

तिनं ते हसण्यावारी नेलं. शिस्त म्हणतात त्याला काका, म्हणाली, तुमच्या छापखान्यात कुणी पाहिली नसेल. काकाही हसले. विषय तिथंच मिटला.

टेबलावर बारा पानांचा गठ्ठा होता. बारा महिन्यांची बारा चिंतनं, नाताळाआधीच्या आगमनकाळापासून थेट पुढच्या पानगळीपर्यंत, एकाच शाईत, एकाच वळणाची. प्रांतातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांना जाणाऱ्या मासिकाचं पहिलं पान कित्येक वर्षं बाईंचं होतं. बाई निवृत्त शिक्षिका, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. दर महिन्याला स्वतः जिने उतरून चिंतन हातात द्यायच्या आणि मागच्या अंकातल्या दोन चुका दाखवूनच घरी जायच्या. यंदा मात्र सगळं एकदम, दूधवाल्याच्या हाती आलं होतं.

मासिक ती काढायची. बाप्तिस्मे, लग्नं, आजारी, देवाघरी गेलेले, सगळं अकरा महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन जुळवायची. पोरीला दात येत होते. घरातलं बटण न् बटण तिनं उंचावर ठेवलं होतं. पोर झोपली की नाकाशी बोट धरून श्वास बघायची. ही मोठी होईपर्यंत तूच म्हातारी होशील, असं नवरा चिडवायचा. अशा दिवसांत वर्षभराची पहिल्या पानाची काळजी मिटली, तर कुणाला आवडणार नाही. बाईंना एक फोन करायला हवा, हे तिच्या मनात आलं होतं. तेवढ्यात पोर रडली.

चार अंक निघाले. यंदा बाई फार टवटवीत लिहितायत, असं पाळकसाहेबही म्हणाले. महिला मंडळ घरोघरी भेटी द्यायची यादी करायला बसलं, तेव्हा कुणीतरी बाईंचं नाव काढलं. बऱ्याच दिवसांत उपासनेला दिसल्या नाहीत म्हणे. त्यावर दुसरी म्हणाली, त्यांना काय धाड भरलीय, मासिक वाचत नाहीस का तू? सगळ्या हसल्या. नाव यादीतून गेलं. यादी मासिक काढणाऱ्या तिच्याच हातात होती.

पाचवा अंक पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा. तो टपालात पडला आणि त्याच आठवड्यात बाई गेल्या.

दफनाहून परतताना खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तिला जिन्यात गाठलं. त्यांना कुणाला तरी सांगायचंच होतं. दुधाच्या दोन पिशव्या बाईंच्या दाराशी तशाच पडलेल्या बघून त्या वर गेल्या होत्या. बेल वाजवायला हातही उचलला होता.

"पण आदल्या दिवशीच अंक आला होता ना," वहिनी म्हणाल्या. "त्यात बाईंनीच लिहिलं होतं, हल्ली मी रोज सकाळी टेकडीपर्यंत चालत जाऊन येते. म्हटलं, हिंडत्याफिरत्या आहेत, गेल्या असतील कुठं. कशाला उगाच भोचकपणा. खाली आले बघा मी."

दार तिसऱ्या दिवशी उघडलं. बाई स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या, श्वास चालू होता. एक दिवस आधी आणलं असतं तर, इतकंच डॉक्टर म्हणाले. कपाटात तपासण्यांचे कागद सापडले. त्यांवर गठ्ठा पाठवला त्याच्या आधीच्या आठवड्याची तारीख होती.

वहिनी बोलत राहिल्या. तिनं कठडा घट्ट धरला होता.

टेकडीपर्यंत बाई जात नव्हत्या. ती जात होती, रोज सकाळी, पोरीची ढकलगाडी घेऊन.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हलक्या आवाजात म्हणाला, मूळ पानं तुझ्याकडेच आहेत, कुणाला कळणार आहे? पाळकसाहेबांचाही निरोप आला होता. उरलेली सात पानं श्रद्धांजली म्हणून दर महिन्याला छापावीत, मंडळीला धीर येईल. धीर येईल, हे खरंच होतं. आणखी सात महिने बाई पहिल्या पानावर छान असत्या.

पोर पायाशी दुडुदुडु चालत होती. तिनं गठ्ठा काढला आणि पहिल्यांदाच, हातात लाल पेन न घेता, पानं वाचली. मग सहाव्या अंकाचं पहिलं पान स्वतः लिहायला बसली. काका ते जुळवताना मधेच थांबले. पुन्हा वाचलं, आणि जसंच्या तसं छापलं.

"मागच्या अंकातल्या चिंतनाची पहिली ओळ बाईंची नव्हती. ती माझी होती. बाईंची ओळ अशी होती: 'हे तुम्ही वाचाल तेव्हा मला अंथरुणातून उठता येत असेल की नाही, ठाऊक नाही, कुणी आलं तर बरं वाटेल.' पुनरुत्थानाच्या अंकाची सुरुवात इतकी उदास नको, म्हणून मी ती खोडली. आधीच्या चारही पानांवर अशी एकेक ओळ होती. मला ती म्हातारपणाची कुरकुर वाटली. दर वेळी मी ती खोडून तिथं काहीतरी ताजं लिहिलं. तुम्ही वाचलेल्या बाई बऱ्या होत्या, कारण त्या मी लिहिल्या होत्या. तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेल, ज्यांचं बरं चाललंय असं तुम्ही कुठंतरी वाचलंय, कुणाकडून तरी ऐकलंय. अंक मिटा आणि आजच त्यांच्याकडे जा. बेल वाजवा. आतून आवाज आल्याशिवाय जिना उतरू नका."