अशिलांच्या खात्यातला चेक

पासबुकात साठ हजार कमी होते. सिद्धोधनने बेरीज पुन्हा केली. तेवढेच कमी आले.

समोर कस्तुराबाई बसल्या होत्या. सोमवारी त्यांच्या प्लॉटची रजिस्ट्री होती. स्टँप ड्युटीचे साठ हजार त्यांनी महिन्यापूर्वीच त्याच्याकडे ठेवले होते.

"काय झालं साहेब? उंदरानं खाल्ले का पैसे?" त्या हसल्या. मग त्यांना आठवलं, साहेबांची बायको जाऊन वीसच दिवस झालेत. त्यांनी हसू आवरलं.

"सोमवारी मिळतील," तो म्हणाला.

सिद्धोधन परभणीत अकाउंटंट होता. अशिलांनी भरण्यासाठी दिलेले पैसे तो वेगळ्या खात्यात ठेवायचा. त्या खात्यावर त्याची किंवा नीलमची, कुणाही एकाची सही चालायची. ऑफिस दोघं मिळूनच चालवत. खात्यात अजून दोन लाख होते. त्यातून कस्तुराबाईंचं काम भागलं असतं. पण ते दुसऱ्या अकरा जणांचे होते. एकाचे पैसे दुसऱ्यासाठी वापरायचे नाहीत, हे नव्या अशिलांना नीलमच सांगायची.

पैसे चेकने गेले होते. पासबुकात नुसता नंबर होता. चेकबुकात मागे राहिलेला तुकडा कोरा होता. सिद्धोधन तिथे नेहमी लिहायचा. नीलम विसरायची. चेक वटला तेव्हा ती दवाखान्यात होती, पण त्याआधी तिने तो कुणाला दिलेला असू शकत होता. त्याने बँकेत चेकची नक्कल मागितली. पाच-सहा दिवस लागतील म्हणाले.

थांबणं त्याला जमलं नाही. नीलमने दहा रुपयेही कधी न सांगता घेतले नव्हते. मग हे कशाला? कुणासाठी? दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पिंगळीला सासूबाईंकडे गेला.

चांगुणाबाई अंगणात धुणं वाळत घालत होत्या.

"मामी, नीलमनं तुम्हाला पैसे दिले होते का? साठ हजार?"

त्यांनी हातातलं पातळ पिळलं. पिळलेलंच परत पिळलं.

"कुणाचे व्हते?"

"अशिलांचे. तिचे नाहीत, माझेही नाहीत."

"दिले व्हते," त्या म्हणाल्या. "मलाच दिले. दोन दिसांत आणून देते. कुणाला बोलू नका, जावईबापू."

"पण कशाला लागले होते?"

"लागले व्हते. आता काय इचारता? च्या घ्या."

परत येताना त्याला काही सुचत नव्हतं. उत्तर मिळालं होतं, तरी ते पटत नव्हतं. तिने मागितले असते तर त्याने दिले नसते का? त्याला राग आला. गेलेल्या माणसावर राग धरल्याची लाज वाटली. मग परत राग आला.

शुक्रवारी चांगुणाबाई आल्या. पदरात पाचशेच्या नोटा होत्या. पाणीसुद्धा न घेता त्या परत गेल्या. त्याने पैसे खात्यात भरले. सोमवारी रजिस्ट्री झाली.

त्याच दुपारी चेकची नक्कल आली. चेक दवाखान्याच्या नावाने होता. सही सिद्धोधनची होती.

नीलमला दाखल करताना डिपॉझिट मागितलं होतं. त्याने तिच्या पर्समधून चेकबुक काढलं होतं. घरचं आणि अशिलांचं, दोन्ही चेकबुकं ती तिथेच ठेवायची. बँक एकच, कव्हरही सारखं. स्ट्रेचर आत चाललं होतं. त्याने बघितलं नाही.

आपलं खातं दवाखान्यात रिकामं झालं, असं तो धरून चालला होता. त्याने ते पासबुक आता भरून आणलं. तिथे साठ हजार तसेच होते.

मग सासूबाईंनी कुठले पैसे आणले?

संध्याकाळी त्यांच्या सुनेचा, सुकेशनीचा फोन आला.

"दाजी, आत्यानं दुभती म्हैस इकली. इचारलं तर काई सांगत न्हाईत. धड जेवत बी न्हाईत. तुमाला काई बोलल्या का?"

"नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने आपले साठ हजार अशिलांच्या खात्यात भरले. चांगुणाबाईंचे काढून पाकिटात घातले. कस्तुराबाईंना आणि त्या अकरा जणांना झालेली चूक लिहून कळवली. तेवढं सोपं गेलं.

चांगुणाबाई खोटं बोलल्या होत्या. म्हणजे लेकीने पैसे घेतले, हे त्यांना खरं वाटलं होतं. त्याने विचारलं म्हणून वाटलं.

पिंगळीला जायला गाडी रोज असते. आज गुरुवार आहे. पाकीट टेबलावरच आहे. नीलमने पैसे घेतले नव्हते, हे तिच्या आईला सांगायचं अजून राहिलं आहे.