सुती गाऊन

"साडीत त्यांना झोप येत नाही. सैल सुती गाऊन आणा," नर्स म्हणाली. अच्युतरावांनी आजारी बायकोसाठी लगेच आणला.

नवी नवरी असताना कुमुदने असाच गाऊन मागितला होता. "आपल्यात चालत नाही," सासूबाईंनी सुनावलं, तेव्हा अच्युतराव गप्प बसले होते. सासूबाई गेल्यावरही ती साडीतच झोपत राहिली.

आता गाऊनची बाही कुरवाळत ती म्हणाली, "किती मऊ आहे हो! तेव्हा एक शब्द बोलला असतात तर..." बोलता बोलताच तिला गाढ झोप लागली.

आठ दिवसांनी ती गेली. जाऊबाईंनी हिरवी साडी काढली. "सवाष्ण गेली, साडी नेसवायला हवी."

"नको," अच्युतराव म्हणाले. "गाऊनच राहू दे. तिला त्यातच झोप लागते."