शेवंतीकाकीनं कावळा हाकलला

कावळा पिंडापासून हातभर अंतरावर उतरला, तशी शेवंती बायकांच्या घोळक्यातून पुढं आली आणि तिनं मिटलेली छत्री त्याच्यावर उगारली. कावळा उडून भिंतीवर जाऊन बसला.

"काकी, काय करताय!" नितेश ओरडला. त्याच्या बापाचा, काशीरामचा, आज दहावा. जोगेश्वरीची निम्मी चाळ स्मशानामागच्या ओट्याभोवती उन्हात उभी होती.

"बरोबर तेच करतेय. तुझ्या बापाचा जीव माझ्या खोलीत अडकलाय, कावळा असा सुखासुखी शिवेलच कसा? आधी बोल, काकीची खोली काकीच्या नावावर करून देतो. मग खुशाल शिवू दे."

खोली काशीरामनंच तिला विकलेली. स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या, पण कागद रजिस्टर झाला नाही. त्याची बायको जानकी तेव्हा मागं लागली होती, एकदाचं करून टाका. शेवंतीनंच उडवून लावलं. गाववाल्याला कचेरीत उभं करायचं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणण्यासारखंच. आता चाळ पडणार होती. खोली ज्याच्या नावावर, नवं घर त्याला. आणि बापाची राख गार होते न होते तोच नितेश वारस म्हणून बिल्डरला भेटून आला होता.

दुसरा कावळा उतरला. छत्री पुन्हा फिरली. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"दात काय काढतोस मेल्या? तुझ्या दहाव्याला कोण कोण येतं ते बघते ना मी."

हसणारा दुसऱ्याच्या पाठीमागं सरकला.

"काकी, तुमचा कागद कच्चा आहे. वकिलानं सांगितलंय," नितेश दबक्या आवाजात म्हणाला. "निदान आज तरी बाबांना उपाशी ठेवू नका."

"मी उपाशी ठेवते? मी? तो अंथरुणाला खिळला तेव्हा पेज कोण भरवत होतं रे? तू तर फोनसुद्धा उचलत नव्हतास."

शेवंतीनं जानकीकडं पाहिलं. जानकीनं पदर तोंडावर ओढून घेतला.

मग शेवंतीचा आवाजच बदलला. चाळीतल्या कुणी तो कधी ऐकला नव्हता.

"नितू. बाळा. नुसतं बोल रे. चार माणसांसमोर एकदा बोल. कुठं जाऊ मी?"

नितेशनं भटजींना खूण केली. भटजींनी दर्भाच्या काड्या घेतल्या, दुमडल्या, गाठ मारली, एका टोकाला चोच काढली. खरा कावळा शिवला नाही, की हा चालतो.

शेवंतीनं छत्री उगारली. पण हा कावळा नितेशच्या हातात होता. भटजी मंत्र म्हणू लागले, आणि तिच्या उगारलेल्या हाताखालून गवताची चोच भाताला टेकली.