सहावा डबा

“तिसऱ्या डब्याला किस,” सुशांत म्हणाला आणि त्याने समोसा चटणीत बुडवला.

आसावरीला शिसारी आली. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या त्या ऑफिसात ती सुशांतच्या टीमसाठी व्हिडिओ गेमच्या गोष्टी लिहायची. या गेममध्ये खाडीकाठच्या गावात एक नावाडी होता. त्याची बायको नुकतीच गेलेली. खेळणारा म्हणजे गावात नवीन आलेली मास्तरीण. तिने त्याला घरचा डबा पाठवत राहायचं. रिकामा डबा परत देऊ नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आसावरीचा नावाडी वर्षभर डबे रिकामेच परत करायचा. ज्या दिवशी तो डब्यात काहीतरी घालेल, त्या दिवशी प्रेमाची सुरुवात.

“वर्षभर कोण थांबणार?” सुशांत म्हणाला. “पब्लिक वीस मिनिटांत गेम डिलीट मारतं. पहिला डबा, थँक्यू. दुसरा, बायकोचा फोटो बघून थोडी रडारड. तिसऱ्याला फोटो खाली, किस. मस्त फ्लो आहे.”

म्हणे फ्लो! बाईचं तेरावंही झालं नाही आणि याला फ्लो हवा. चटणीचा ओघळ त्याच्या हनुवटीवर आला होता. तिला तोही बघवेना.

“माझी आई फेब्रुवारीत गेली,” ती म्हणाली. “तेव्हापासून खाली राहणाऱ्या एक बाई भाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना, डबे पाठवतात. पाच डबे आले. पाचही रिकामे परत गेले. माणसं अशी असतात, सुशांत.”

सुशांतने समोसा खाली ठेवला.

“सॉरी यार. ठेव वर्ष.”

जिंकूनही तिचा राग उतरला नाही. संध्याकाळी डोंबिवलीला घरी पोचली तेव्हाही तोंड कडूच होतं. ओट्यावर खालच्या हेमाताईंचा सहावा डबा होता. झाकणावर लाल नेलपॉलिशने ‘हे’ लिहिलेलं. आईने आयुष्यभर घासून लख्ख ठेवलेल्या ओट्यावर तो डबा तिला झुरळासारखा दिसला.

“बाहेर जाणार असशील तर हेमाताईंना देऊन ये,” भाऊ हात पुसत म्हणाले. त्यांच्या बाहीला साखर लागली होती. “नारळाच्या वड्या आहेत. जरा मऊ झाल्यात.”

तिने डबा उचलला. भाऊ दारापर्यंत आले.

“मागच्या वेळच्या चिवड्याचं काही म्हणाल्या का गं?”

“नाही.”

“असू दे,” भाऊ म्हणाले आणि आत वळले.

ती जिना उतरली. पहिल्या मजल्यावर, हेमाताईंच्या दाराच्या अलीकडे, सोसायटीचा कचऱ्याचा ड्रम होता. तिने झाकण उघडलं. वड्या वेड्यावाकड्या कापलेल्या होत्या. प्रत्येकीवर एकेक बेदाणा बोटाने दाबून बसवलेला. आईसाठी या माणसाने कधी चहाही केला नव्हता. आधीच्या पाच वेळांसारखाच तिने डबा ड्रमवर तिरका केला.

दार उघडलं. हेमाताई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी ड्रमकडे पाहिलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी हात पुढे केला.

“दुपारपासून वड्यांचा वास येतोय, आसावरी. आज तरी भरलेला दे.”